आधी आईला आसरा: बालहत्या प्रतिबंधक गृहाची पार्श्वभूमी

अनाथाश्रमाच्या दाराशी टांगलेला पाळणा आपल्या ओळखीचा आहे. बाळ ठेवावं, कुणी नाव विचारत नाही. महाराष्ट्रात या रीतीचं मूळ शोधत गेलं की पुण्यात, जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या दारी पोचायला होतं.

१८६३ मधली घटना जोतीरावांनी स्वतःच पुढे नोंदवली. काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा त्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारचा एक शास्त्री तिच्या मागे लागला आणि तिला दिवस गेले. गर्भ पडेना. बाळ जन्मलं, आणि अब्रूच्या धाकाने तिने त्याला मारून मागच्या विहिरीत टाकलं. तिला जन्मभराचं काळं पाणी झालं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच आला होता, पण त्याने केशवपन थांबलं नव्हतं की गावाची जीभ थांबली नव्हती.

फुल्यांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा, अशा मजकुराचे छापील कागद ब्राह्मण आळ्यांच्या कोपऱ्यांवरच्या भिंतींना चिकटवले. मला यातलं सर्वांत मोठं वाटतं ते हे, की मूल वाचवायला निघालेल्या या जोडप्याने आधी आईला आसरा दिला.

तरी हिशेब काळजाला घरं पाडणारा आहे. १८८४ पर्यंत ३५ विधवा इथे बाळंत झाल्या; त्या ३५ बाळांपैकी ५ जगली. पोट लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या जहाल औषधांनी बाकीची ३० गेली, असं जोतीराव लिहितात. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंसोबत रोग्यांची सेवा करत होता.

१८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने अशीच संस्था निघाली आणि प्रार्थना समाजाने ती चालवली.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार आई मूल बाल कल्याण समितीकडे सोपवू शकते. तिची ओळख उघड केली जात नाही, आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात.