परत परत होणारं यीस्ट इन्फेक्शन: दरवेळी एकच गोळी का पुरत नाही

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम बघते. आमच्याकडे रोज येणाऱ्या सॅम्पलमध्ये एक असतं एचव्हीएस, म्हणजे योनीमार्गातून घेतलेला स्वॅब. काउंटरवर बायका चिठ्ठी पुढे करतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, मॅडम ते खालचं आहे. बोलायला लागलं की बहुतेकींची गोष्ट सारखीच निघते. खाज सुटते, आग होते, लघवी करताना झोंबतं, दही फाटल्यासारखं पांढरं जातं, मग मेडिकलमधून बुरशीची ती एक गोळी आणून घेतली, दोन दिवसात बरं वाटलं, महिन्या दीड महिन्यात परत तेच, परत गोळी, असं करत करत वर्ष दोन वर्षं जातात आणि मग कधीतरी कोणीतरी डॉक्टर स्वॅब सांगतात. हे इतक्यांदा बघितलंय म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी हे होतं कशाने ते बघू. कँडिडा नावाचं यीस्ट असतं, म्हणजे एकपेशीय बुरशी, आणि त्यातल्या कँडिडा अल्बिकन्स या जातीमुळे बहुतेक इन्फेक्शन होतात. हे यीस्ट काही बाहेरून येऊन हल्ला करत नाही. 10 ते 20 टक्के बायकांच्या योनीत ते असंच राहत असतं, काहीही त्रास न देता. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू असतात, दह्यातल्या जिवाणूंचेच भाऊबंद, ते लॅक्टिक ॲसिड बनवतात आणि शेजाऱ्यांना आटोक्यात ठेवतात. यीस्ट शांत असतं तेव्हा गोल गोल पेशींच्या रूपात असतं. काही कारणाने त्याला मोकळीक मिळाली की त्याच पेशींना लांब धागे फुटतात आणि ते आतल्या नाजूक त्वचेत घुसतात. लॅबमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. माणसाच्या सीरममध्ये अल्बिकन्स टाकून 37 डिग्रीला दोन-तीन तास ठेवलं की मायक्रोस्कोपखाली मटकीला मोड यावेत तसे बारीक मोड आलेले दिसतात. आम्ही ती जात अशीच ओळखतो.

2016 साली शास्त्रज्ञांना कळलं की हे धागे एक विष सोडतात, त्याला कँडिडालायसिन नाव दिलंय, ते पेशींना भोकं पाडतं. आणि आग, लाली, सूज हे जे आपल्याला जाणवतं ते बरंचसं आपल्याच पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात आणि दंगा करतात त्यामुळे. त्यामुळेच एकीच्या अंगात यीस्ट असूनही तिला काही होत नाही आणि दुसरीला तेवढ्याच यीस्टने बसवत नाही. यात स्वच्छतेचा संबंध फार थोडा आहे. हे मी मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येतो की नीट धुतेस ना, आणि दुसरा म्हणजे तुझ्या अंगात उष्णता फार आहे, सब्जा घे, धने-जिऱ्याचं पाणी पी, गुलकंद खा. सब्जा प्यायला काही हरकत नाही पण त्याने बुरशी जात नाही. आणि जिला सांगितलं जातं नीट धूत जा ती बिचारी साबण लावते, तुरटीचं पाणी घेते, कडुनिंबाचा काढा घेते, सुवासिक इंटिमेट वॉश आणते, आणि आधीच सोलवटलेली त्वचा अजून सोलून काढते. आतून धुवायची कधीच गरज नसते. बाहेरून साधं पाणी पुरतं.

साधारण चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे इन्फेक्शन होतं, म्हणजे हे सर्दीसारखं कॉमन आहे. पण वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर त्याला रिकरंट म्हणतात (आधी चार धरायचे, काही डॉक्टर अजूनही चारच धरतात) आणि त्याची ट्रीटमेंट वेगळी असते. गोंधळ इथेच होतो. एकदा होणाऱ्या इन्फेक्शनची गोळी रिकरंटवाल्या बाई परत परत घेत राहतात.

त्याच्याही आधी एक प्रश्न आहे, हे यीस्टच आहे कशावरून? 2002 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, दुकानातून स्वतःच्या मनाने यीस्टचं औषध घेणाऱ्या 95 बायकांना तपासलं तर खरं यीस्ट इन्फेक्शन निघालं फक्त 34 टक्क्यांना. बाकीच्यांना बॅक्टेरियल व्हजायनोसिस होतं, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडून होणारा त्रास, मिश्र काहीतरी होतं, आणि काहींना तर काहीच नव्हतं. लक्षणांवरून ओळखणं डॉक्टरांनाही जमतंच असं नाही मग आपल्याला कुठून जमणार. माशासारखा वास येत असेल आणि स्राव पातळ राखाडी असेल तर ते बहुधा व्हजायनोसिस, त्याला बुरशीची गोळी काही करत नाही. पॅडच्या वासाने, डिटर्जंटने, वॉशने होणारी ॲलर्जीही अशीच खाजते. आणि पाळी गेलेल्या बाईला खाज असेल तर तर यीस्टवर लगेच शिक्का मारूच नये, कारण इस्ट्रोजेन कमी झालं की यीस्टला तिथे फारसं जमत नाही, शुगर असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर गोष्ट वेगळी. त्या वयात कोरडेपणा असतो नाहीतर त्वचेचे दुसरे आजार असतात आणि त्यांना तपासूनच ओळखावं लागतं.

सरकारी दवाखान्यात, सुरक्षा क्लिनिकमध्ये (म्हणजे लैंगिक आजारांसाठीचं सरकारी क्लिनिक), अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर हिरव्या रंगाचं किट देतात, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल अशी दोन्ही औषधं असतात म्हणजे व्हजायनोसिस असो की यीस्ट, दोन्हीवर एकदम मारा. जिथे मायक्रोस्कोप नाही तिथे हे शहाणपणाचंच आहे, पहिल्या वेळेला ठीक. पण चौथ्या वेळेलाही तेच करत राहिलो तर नेमकं काय आहे ते कधीच कळणार नाही.

तर रिकरंट वाटत असेल तर तीन गोष्टी मागून घ्या: पीएच (आम्लतेचं माप), मायक्रोस्कोपी आणि फंगल कल्चर (प्लेटवर बुरशी वाढवून बघणं). यीस्टमध्ये पीएच साधारण नॉर्मलच राहतो, 4 ते 4.5, त्याच्यावर गेला तर डोक्यात दुसरं काहीतरी यायला हवं. मायक्रोस्कोपखाली बऱ्याचदा यीस्ट सापडतच नाही पण कल्चरच्या प्लेटवर दोन दिवसात उगवून येतं, मलईच्या रंगाचे मऊ ठिपके, आणि झाकण उघडलं की ताज्या पावासारखा वास येतो. रंगीत प्लेटवर लावलं तर अल्बिकन्स हिरवी येते, बाकीच्या जातींचे रंग वेगळे. आणि ही जात कळणं फार महत्त्वाचं आहे, का ते पुढे येतंच आहे. एक विनंती, स्वॅब त्रास चालू असताना द्या, औषध घेण्याआधी द्या. गोळी खाऊन दोन दिवसांनी येतात आणि प्लेट कोरी येते, मग घरी सांगतात रिपोर्ट नॉर्मल आला.

आता औषध. फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅमची ती एक गोळी सगळ्यांना माहीत आहे. तिचा स्वभाव समजून घ्या. बुरशीच्या पेशीच्या भिंतीला आतून जे अस्तर असतं त्यात एर्गोस्टेरॉल लागतं, ते बनवण्याचं काम ही गोळी अडवते. त्याने बुरशीची वाढ थांबते, पण बुरशी पूर्ण मरत नाही. उरलेलं काम आपल्या शरीराने करायचं असतं. जिच्या शरीराला ते जमत नाही तिच्यात थोडी बुरशी शिल्लक राहते आणि गोळीचा असर उतरला की तीच परत वाढते, म्हणजे बऱ्याच जणींना दरवेळी नवीन इन्फेक्शन होत नसतं, जुनंच डोकं वर काढत असतं.

म्हणून रिकरंटमध्ये आधी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी अशा तीन गोळ्या देतात, आणि त्यानंतर आठवड्याला एक अशी सहा महिने. हो, सहा महिने. 2004 साली या पद्धतीचा मोठा ट्रायल झाला, 387 बायका होत्या, सहा महिन्यांच्या शेवटी दर आठवड्याला खरी गोळी घेणाऱ्यांपैकी जवळजवळ 91 टक्के त्रासमुक्त होत्या आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 36 टक्के. पण गोळी थांबवून अजून सहा महिने गेल्यावर तो 91 चा आकडा 43 वर आला. हे लपवण्यात अर्थ नाही. हा कोर्स आजार मुळापासून काढतोच असं नाही, पण सहा महिने शांत झोप, शांत संसार आणि त्वचेला भरून यायला वेळ मिळतो, आणि निम्म्याच्या आसपास जणींना नंतरही परत होत नाही. परत झालं तर कोर्स परत करता येतो.

ही गोळी दिवस गेलेले असताना पोटातून घ्यायची नाही, तेव्हा योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलची औषधं सात दिवस देतात. म्हणजे सहा महिन्यांच्या कोर्समध्ये दिवस राहणार नाहीत हे बघायला हवं, आणि काँडोम वापरत असाल तर एक गोम आहे, योनीत लावायच्या तेलकट क्रीमने काँडोमचं रबर कमजोर होतं. रक्त पातळ करणारं वॉरफरीन, कोलेस्टेरॉलची काही औषधं, आणि शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ग्लिमेपिराइडबरोबर शुगर एकदम खाली जाऊ शकते.

आता जात का महत्त्वाची ते. कँडिडा ग्लाब्राटा नावाची जात फ्लुकोनाझोलला फारशी दाद देत नाही आणि क्रुसेई तर मुळीच देत नाही. आपल्या देशात शुगरवाल्या बायकांमध्ये ग्लाब्राटा खूप सापडते. दिल्लीच्या एम्समधला 2007 चा अभ्यास आहे, डायबेटिस असलेल्या बायकांच्या यीस्ट इन्फेक्शनमध्ये 61 टक्के ग्लाब्राटा निघाली. तिच्यावर फ्लुकोनाझोलच्या एका गोळीने बुरशी गेली 29 टक्क्यांत, आणि 600 मिलिग्रॅम बोरिक ॲसिडची कॅप्सूल रोज योनीत ठेवून 14 दिवसांत गेली 64 टक्क्यांत. बोरिक ॲसिड म्हणजे तेच, कॅरमबोर्डवर टाकतो ती पावडर, झुरळांच्या गोळ्यांत कणकेत मळतो ती पावडर. पण म्हणून घरातल्या डब्यातली वापरायची नाही, हात जोडून सांगते. पोटात गेलं तर ते विष आहे, जीव जाऊ शकतो, आणि दिवस गेले असतील तर योनीतही चालत नाही. मोजून भरलेली कॅप्सूल डॉक्टर लिहून देतील तीच, आणि घरात लहान मूल असेल तर कुलपात.

दुसरा पर्याय निस्टॅटिनचा. हे औषध 1950 मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन शास्त्रज्ञ बायकांनी शोधलं, एक न्यूयॉर्क शहरात आणि दुसरी ऑल्बनीत, मातीचे नमुने पोस्टाने एकमेकींना पाठवत. न्यूयॉर्क स्टेटवरून निस्टॅटिन. आणि आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीच्या मातीतल्याच जिवाणूपासून याच कुळातलं हॅमायसिन काढलं होतं, त्या जिवाणूचं नावसुद्धा स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुण्याच्या आसपास वाढलेल्यांना तरी हे माहीत हवं असं मला फार वाटतं.

शुगरचा विषय निघालाच आहे तर, कमी वयात वारंवार यीस्ट होत असेल तर एकदा शुगर तपासाच, आधी कधी तपासली नसेल तर नक्कीच. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, म्हणजे यीस्टला आयतं जेवण. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये संपलं आणि ती स्वस्त झाली, आता खूप जणी घेतात. हृदयाला आणि किडनीला त्यांचा फायदा आहे म्हणून मनाने बंद करू नका, पण डायबेटिसच्या डॉक्टरांना खाजेबद्दल सांगा. बायका गायनॅकला शुगरची गोळी सांगत नाहीत आणि शुगरच्या डॉक्टरांना खाज सांगत नाहीत, दोन्हीकडे अर्धी अर्धी गोष्ट जाते.

बाकी प्रतिबंधाच्या नावाखाली जे सांगतात त्यात दम कमी आहे. सुती चड्डी घाला, पावसाळ्यात ओली घालू नका, दोरीवर साडीखाली लपवून न वाळवता उघड्या उन्हात वाळवा, हे आरामासाठी चांगलंच, पण एवढ्याने रिकरंट थांबत नाही. दही खा, लावू नका. लसूण तर अजिबात ठेवू नका, भाजतं. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूलचा पुरावा अजून कच्चा आहे. नवऱ्याला खाज किंवा लाली नसेल तर त्याला गोळी द्यायची गरज नाही. सर्दी-खोकल्याला उगाच अँटिबायोटिक न घेणं मात्र खरंच उपयोगाचं, कारण त्याने लॅक्टोबॅसिलस मरतात आणि मैदान मोकळं होतं. आणि मेडिकलमध्ये मिळणारं ते तीन-चार औषधं एकत्र असलेलं स्टेरॉइडचं क्रीम लावू नका. पहिले दोन दिवस स्वर्ग वाटतो कारण स्टेरॉइड खाज दाबतं, खाली बुरशी वाढतच असते आणि वरची त्वचा कागदासारखी पातळ होते.

सहा महिन्यांचा कोर्स संपल्यावर परत खाज आली तर उरलेली गोळी काढून घेऊ नका, आधी स्वॅब द्या, कारण या वेळी दुसरी जात असू शकते किंवा यीस्ट नसेलही. फॉर्मवर फंगल कल्चर आणि स्पीशीज (म्हणजे जात) असं डॉक्टरांकडून लिहून आणा, नुसतं एचव्हीएस लिहिलेलं असलं तर बऱ्याच लॅबमध्ये फक्त जिवाणूंची प्लेट लागते.