टॉर्च घेताना आधी सेल बघा

खोक्यावर 'एक लाख लुमेन' छापलंय आणि टॉर्च मात्र मुठीत मावतेय, असं दिसलं की पाकीट काढण्याआधी एक भागाकार करावा. टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश लुमेनमध्ये मोजतात. आजचे चांगले एलईडी एका वॅटमागे साधारण १०० ते १५० लुमेन देतात. म्हणजे एक लाख लुमेनसाठी निदान साडेसहाशे वॅट हवेत. आत असतो बहुधा १८६५० जातीचा एकच लिथियम-आयन सेल: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. त्याचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट. या हिशेबाने त्यातून १८० अँपिअर वाहायला हवेत, आणि दणकट सेलसुद्धा सलग ३० अँपिअरच्या आसपास हात टेकतो. छापलेला आकडा खोटा आहे, हे टॉर्च न लावताच कळलं.

सेलवरच्या क्षमतेच्या आकड्यांचंही तेच. १८६५० मध्ये सहसा ३५०० ते ३६०० मिलिअँपिअर-तास बसतात, अगदी नव्या काहींत ४००० च्या आसपास. जरा जाड २१७०० मध्ये सहसा ५००० च्या आसपास किंवा थोडं पुढे. १८६५० वर '९९००' लिहिलेलं दिसलं तर तो सेल सरळ बाजूला ठेवा. ३५०० चा सेल म्हणजे जवळपास साडेबारा वॅट-तास ऊर्जा. हजार लुमेनला दहा वॅट धरले तर सव्वा तासात खेळ संपला.

मग प्रामाणिक कंपन्यासुद्धा 'टर्बो (म्हणजे सगळ्यात प्रखर मोड) २००० लुमेन, तीन तास' असं कसं लिहितात? इथे मोजण्याची पद्धत आडवी येते. एफएल-१ या प्रचलित मानकानुसार प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरला जातो. दोन हजार लुमेन दोनेक मिनिटंच टिकतात आणि उरलेला वेळ काहीशे लुमेनवर निघतो, तरीही दावा नियमात बसतो. प्रकाश असा उतरतो त्याचं कारण उष्णता. एलईडीला दिलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णतेत जातो. टर्बो लावून टॉर्च हातात धरा: मिनिटाभरात डोक्याकडचं अ‍ॅल्युमिनियम चटका द्यायला लागतं आणि आतलं सर्किट मुकाट्याने प्रकाश उतरवतं. म्हणून खोक्यावर वेळेचा आलेख असेल तर आधी तो बघावा. त्यातली सपाट रेघ जिथे आहे, तीच तुमची खरी टॉर्च.

या उतरण्याने फारसं बिघडत नाही, कारण डोळा प्रकाश सरळ प्रमाणात मोजत नाही. चौपट प्रकाश त्याला जेमतेम दुप्पट वाटतो. ५०० आणि १००० लुमेनमधला फरक शेजारी शेजारी लावल्यावर दिसतो. एरवी कळतही नाही. माझ्या मते मोड निवडताना वरचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा आणि खालचा सगळ्यात आधी. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो आणि एक प्रखर झोत ते सगळं क्षणात घालवतो. म्हणून एक लुमेन किंवा त्याहून कमी देणारा मोड हवाच. रात्री किल्ली शोधायला किंवा नकाशा बघायला तेवढा पुरतो. मधला, दोनशे-तीनशे लुमेनचा मोड चालण्यासाठी. रोजचं बहुतेक काम या दोघांतच उरकतं.

लांबचं दिसणं हा वेगळाच प्रकार. तो कँडेलावर, म्हणजे एका दिशेला किती प्रकाश एकवटलाय यावर ठरतो. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की खोक्यावरचं अंतर मिळतं: १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पण त्या टोकाला पडणारा प्रकाश पाव लक्स, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच. तिथे माणूस आहे की झुडूप, हे ओळखायचं तर अंतर निम्मं धरा. खोल, गुळगुळीत परावर्तक लांब मारतो. खडबडीत पृष्ठभागाचा उथळ परावर्तक जवळचा परिसर उजळतो. धुक्यात मात्र दोन्हीची फजिती होते. तेव्हा टॉर्च डोळ्यांजवळ न धरता कमरेपाशी धरावी, परतून येणारा पांढरा पडदा बराच विरळ होतो.

घेण्याआधी मंद मोडवर उजेड भिंतीवर टाकून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. सरकते पट्टे दिसले तर प्रकाश प्रत्यक्षात वेगाने चालू-बंद होतोय, आणि काहींचं डोकं त्याने दुखतं. स्ट्रोब, म्हणजे झपाझप लुकलुकणारा झोत, नेहमीच्या मोडच्या रांगेत असेल, तर मंद करायला बटण दाबताना तोच डोळ्यांवर येतो. तो वेगळ्या, मुद्दाम कराव्या लागणाऱ्या दाबण्यावर असावा.

शेवटचं बटणाबद्दल. इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्च बंद असतानाही थोडी वीज खातात, आणि पिशवीत चुकून दाबल्या गेल्या तर टर्बोच्या उष्णतेने कापड करपू शकतं. शेपटीकडचं झाकण पाव फेरा सैल केलं की बहुतेक टॉर्चमध्ये विजेची वाट तुटते. आट्यांवर अ‍ॅनोडाइझचा, म्हणजे वीज अडवणारा, थर नसेल तर ही युक्ती चालत नाही, तेव्हा झाकण सैल करून बटण दाबून बघा.