निगेटिव्हवरचे ठिपके: स्टॉप बाथवर उगाच आळ

४×५ इंची निगेटिव्ह वाळली, उजेडासमोर धरली, आणि आकाशाच्या भागात सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके! ‘स्टॉप बाथ जहाल झाला, ॲसिडने इमल्शनला भोकं पाडली’ हे जुनं निदान लगेच पुढे येतं. (स्टॉप बाथ म्हणजे डेव्हलपिंग थांबवणारं ॲसिडचं द्रावण, इमल्शन म्हणजे फिल्मवरचा प्रकाशाला संवेदनशील थर.) ते अगदीच हवेतलं नाही. कार्बोनेटवाल्या डेव्हलपरमधून (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणातून) फिल्म थेट तीव्र ॲसेटिक ॲसिडमध्ये गेली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि जुन्या मऊ इमल्शनला तो फोडू शके. पण आजचं इमल्शन कडक केलेलं असतं. शिवाय डी-७६ या प्रचलित डेव्हलपरमध्ये कार्बोनेट नाहीच, बोरॅक्स आहे. मग वायू येणार कुठून?

खरा गुन्हेगार बहुधा होल्डरमधली, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्म धरणाऱ्या चौकटीतली, धूळ. एक्स्पोजरच्या वेळी फिल्मवर कण बसला की त्याखाली प्रकाश पोहोचत नाही. निगेटिव्हवर पारदर्शक, प्रिंटवर काळा ठिपका. (प्रिंटवर पांढरा असेल तर धूळ एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हवरून प्रिंट काढायच्या यंत्रात, बसलीय.) भिंगातून पाहा: वेडीवाकडी, धारदार कड म्हणजे धूळ, गोल गरगरीत म्हणजे डेव्हलपरमधला हवेचा बुडबुडा. कोरड्या हवेत डार्क स्लाइड (होल्डरमधल्या फिल्मवरचं सरकतं झाकण) झटक्याने ओढली की स्थिर विजेने कण खेचले जातात, म्हणून सावकाश ओढा.

तरी शंका असेल तर एक शीट स्टॉप बाथऐवजी साध्या पाण्यात घाला. ठिपके तसेच आले तर ॲसिड निर्दोष सुटलं.