'ब्लॅक स्वान'मधल्या नीनाला स्प्लिट पर्सनॅलिटी नाहीये, मग काय आहे?

'ब्लॅक स्वान'चा (२०१०) विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ती बॅले डान्सर नीना स्प्लिट पर्सनॅलिटीवाली ना. नाही हो. (पुढे स्पॉयलर आहेत, पाहिला नसेल तर आधी बघून या.) गैरसमज होतो त्यात नवल नाही म्हणा, 'स्वान लेक' या एकाच बॅलेत पांढरी हंसिणी ओडेट आणि काळी हंसिणी ओडिल दोन्ही तिनेच करायच्या, आरशातलं प्रतिबिंब आपल्या मनाने हलतं, समोरून हुबेहूब तिच्यासारखी बाई चालत येते, दिग्दर्शकाने जिथे तिथे दोन-दोन नीना पेरून ठेवल्यात.

पण नीनाचं जे दिसतं तो सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी नातं तुटणं. नसलेलं दिसणं, ऐकू येणं म्हणजे भास, आणि ही लिली (तिच्याच कंपनीतली दुसरी डान्सर) माझा रोल हिसकावायलाच टपलीये अशी पक्की खात्री म्हणजे भ्रम. स्किझोफ्रेनियात हे होतं, इतर काही आजारांतही होतं. स्प्लिट पर्सनॅलिटी, डॉक्टर ज्याला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर किंवा डीआयडी म्हणतात, ते प्रकरणच वेगळं. तिथे एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी आलटून पालटून ताबा घेतात आणि मधल्या वेळेचं बरंचसं आठवतच नाही, आणि मुळाशी बहुतेकदा लहानपणी सोसलेले अत्याचार असतात.

मला विचाराल तर आठवणींकडे बघा, गोंधळ बराच सुटतो. लिलीबरोबर आपल्या घरी घालवलेली रात्र नीनाला बारीकसारीक तपशिलासकट आठवते आणि लिली म्हणते मी तर दुसऱ्याच कुणाबरोबर होते. म्हणजे जे घडलंच नाही ते हिला आठवतंय. डीआयडीत याच्या उलट, घडून गेलेलं असतं आणि त्याचा पत्ता नसतो.

दोन्हींची सरमिसळ एकाच पिक्चरमध्ये बघायची असेल तर १९९७ चा जपानी अ‍ॅनिमे 'परफेक्ट ब्लू'. गाणं सोडून अभिनयाकडे वळलेल्या मिमाला आपलंच जुनं रूप समोर दिसायला लागतं, आणि तिची मॅनेजर रुमी मात्र स्वतःला मिमाच समजून बसते, शेवटी तर हॉस्पिटलमध्ये रुमी म्हणून ती क्वचितच सापडते. डीआयडीच्या जवळ जाणारी रुमी, मिमा नव्हे.

आता प्रेशरने डोकं फिरतं या समजाचं. 'शाइन'मध्ये (१९९६) पियानिस्ट रॅखमनिनॉफ या संगीतकाराचा तिसरा कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना) वाजवतो आणि कोसळतो, बघणाऱ्याला वाटतं त्या अवघड पीसनेच डोकं फिरलं. ताणामुळे आजार उफाळू शकतो हे खरंय, पण तेवढ्या एका कारणाने असा आजार होत नाही, अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. त्यात स्किझोफ्रेनिया बहुतेकदा सुरू होतो ऐन विशीच्या आसपास, म्हणजे नेमकं डान्सर आणि वादकांचं ट्रेनिंग सगळ्यात कडक असतं तेव्हाच, मग सगळं खापर रियाजावर फोडणं सोपं जातं.

माझा खरा राग आहे तो नीनाच्या क्लायमॅक्सवर. जितकी ती तुटत जाते तितकं नाचणं भारी होत जातं, असं कसं? सायकोसिसमध्ये लक्ष लागत नाही, विचारांचा धागा सुटतो, दोन तासांचा बॅले निभावणं तर लांबच. त्यापेक्षा 'द सोलोइस्ट' (२००९) मला प्रामाणिक वाटतो, खऱ्या माणसावर बेतलेला आहे, तिथे वादकाच्या डोक्यातले आवाज सुरू झाल्यावर वाजवणं बहरत वगैरे नाही, ज्युलियार्डसारखी संगीताची नामांकित शाळाच सुटते.