रक्ताच्या आजारांवरची क्लिनिकल ट्रायल : शोध, पात्रता आणि कागदपत्रं

‘ट्रायलचा फॉर्म कुठे मिळतो?’ हा बहुतेकांचा पहिला प्रश्न. (ट्रायल म्हणजे नवं औषध किंवा उपचार रुग्णांवर तपासून पाहणारी चाचणी.) असा फॉर्म नसतोच. आधी आपल्या आजाराची ट्रायल शोधायची, ती चालवणाऱ्या केंद्राशी बोलायचं, फाइल दाखवायची आणि मग त्यांच्या तपासण्यांतून पार पडायचं, असा हा रस्ता आहे. गाडी अडते ती बहुधा फाइलपाशी. म्हणून कागदांबद्दल खाली जरा जास्तच लिहिलंय.

शोध कसा घ्यायचा

नुसतं ‘अ‍ॅनिमिया’ टाकून शोधू नका. अ‍ॅनिमिया म्हणजे हिमोग्लोबिन कमी, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे प्रौढ पुरुषात डेसिलिटरमागे १३ ग्रॅमपेक्षा आणि गर्भवती नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅमपेक्षा कमी. ट्रायल असते ती त्यामागच्या कारणावर : लोहाची कमतरता, किडनीचा जुना आजार, बीटा थॅलेसेमिया (जन्मजात हिमोग्लोबिन नीट न बनणं), सिकलसेल (लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणं), अस्थिमज्जेत रक्तपेशी पुरेशा न बनणारा अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, एमडीएस (अस्थिमज्जेत सदोष रक्तपेशी बनण्याचा आजार). कारणच ठरलेलं नसेल तर आधी हिमॅटोलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) गाठा, ट्रायल नंतर.

ट्रायलची नोंद सरकारी रजिस्ट्रीत असते आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. अमेरिकेची क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह ही सगळ्यात मोठी. तिच्यात दुसऱ्या देशांतल्या ट्रायलही नोंदवलेल्या असतात. भारताची सीटीआरआय २००७ पासून आहे, युरोपीय संघाची सीटीआयएस २०२२ पासून. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी हे पोर्टल निरनिराळ्या देशांच्या रजिस्ट्री एकत्र दाखवतं. शोधताना अ‍ॅनिमियाचं ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन्ही स्पेलिंग (anaemia, anemia) टाकून पाहा.

नोंद उघडली की आधी तिची स्थिती बघा. ‘रिक्रूटिंग’ म्हणजे भरती चालू. ‘अ‍ॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ म्हणजे ट्रायल चालू आहे, पण दार बंद झालंय. हे वाचून उगाच आशा लावून बसणारे पुष्कळ. मग नोंद शेवटची कधी अद्ययावत केली ती तारीख, केंद्रांची यादी आणि संपर्क. नोंदणी क्रमांक उतरवून ठेवा, कारण केंद्राला फोन केल्यावर तोच विचारतात. त्याआधी तो आपल्या डॉक्टरांनाही दाखवा.

कोणी ट्रायलमध्ये ‘नाव लावून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. रजिस्ट्रीत नोंद आणि एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीची) मंजुरी, दोन्ही असल्याशिवाय पुढे जाऊ नये. रजिस्ट्रीत नोंद आहे म्हणजे औषध सुरक्षित ठरलं, असंही समजू नये.

पात्रता

प्रत्येक नोंदीत दोन याद्या असतात : कोणाला घेणार आणि कोणाला नाही. वय, आजाराचं नेमकं निदान, हिमोग्लोबिनची मर्यादा, लिव्हर-किडनीची स्थिती, गर्भारपण, हिपॅटायटिस किंवा एचआयव्हीसारखे संसर्ग, अलीकडे दुसऱ्या ट्रायलमधलं औषध घेतलंय का, असं बरंच काही त्यात येतं. या याद्या वाचायला रुक्ष असतात, पण सगळा निकाल त्यांच्यावरच लागतो.

बीटा थॅलेसेमियासाठी लस्पॅटरसेप्ट या इंजेक्शनची ‘बिलीव्ह’ ही ट्रायल झाली. तिच्यात ३३६ प्रौढ रुग्ण होते. अट अशी होती की आधीच्या २४ आठवड्यांत ६ ते २० युनिट (पिशव्या) रक्त चढवलेलं असावं आणि मध्ये ३५ दिवसांपेक्षा मोठा खंड नसावा. म्हणजे एखादी तारीख पुढे ढकलून ३६ दिवस झाले, की माणूस बाहेर! सिकलसेलवरच्या एक्सा-सेल या जीन (जनुकांत बदल करणाऱ्या) उपचाराच्या ट्रायलमध्ये आधीच्या दोन वर्षांत दर वर्षी किमान दोन गंभीर वेदनेचे झटके हवे होते, आणि ते दवाखान्यात उपचार घेतलेले. घरी गोळी घेऊन सोसलेला झटका त्यात धरला जात नव्हता. सोसण्याची सवय असलेल्यांचंच इथे नुकसान होतं.

अटीत बसावं म्हणून चालू औषध मनाने बंद करू नका, डोसही बदलू नका. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलवरचं औषध) किंवा शरीरात साठलेलं जादा लोह काढणारी औषधं चालू असतील तर त्यांचा डोस काही काळ स्थिर असावा, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते.

फाइलमध्ये काय हवं

ओळखपत्र आणि वयाचा पुरावा लागतोच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सर्वात मोलाचा कागद म्हणजे निदानाचा पहिला रिपोर्ट. थॅलेसेमिया-सिकलसेलमध्ये तो एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या तपासणीचा असतो, आणि तो रक्त चढवण्याआधीचा असला तर फार बरं. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. रक्त चढवल्यावर केलेल्या तपासणीत दात्याचंही हिमोग्लोबिन दिसतं आणि चित्र बिघडतं. जुना पिवळा पडलेला कागद टाकू नका. जनुकीय तपासणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट जोडा. बोनमॅरोचा (अस्थिमज्जेचा) रिपोर्टही, असल्यास.

दुसरी गोष्ट रक्त चढवल्याची वही : तारीख, किती पिशव्या, त्याआधीचं हिमोग्लोबिन, काही रिअ‍ॅक्शन आली का. ‘महिन्याला दोन पिशव्या लागतात’ हे तोंडी सांगून चालत नाही, प्रत्येक तारीख कागदावर लागते. वही नसेल तर रक्तपेढीकडून किंवा वॉर्डमधून मागच्या किमान वर्षभराची नोंद मागून घ्या. त्यासोबत अलीकडचे सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), लिव्हर-किडनीचे रिपोर्ट, चालू औषधांची डोससकट यादी, डिस्चार्ज कार्डं. सगळं तारखेच्या क्रमाने लावा आणि मूळ कागद कोणाकडे सोडू नका, प्रती द्या.

संमती, मग स्क्रीनिंग

संमतिपत्रावर सही झाल्याशिवाय ट्रायलसाठी रक्ताचा थेंबही घेता येत नाही. सही केली म्हणजे निवड झाली, असंही नाही. सहीनंतर स्क्रीनिंगच्या तपासण्या होतात आणि त्यात बरेच जण गळतात.

संमतिपत्र घरी नेऊन वाचा, समजत्या भाषेत मागा. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची सही लागते, आणि जाणत्या वयाच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारली जाते. विचारायचे प्रश्न : प्लासिबो (औषध नसलेला, दिसायला तसाच डोस) आहे का आणि त्या गटातल्यांचे नेहमीचे उपचार चालू राहतात का? (‘बिलीव्ह’मध्ये प्लासिबो गटालाही रक्त आणि लोह काढणारी औषधं मिळत होती.) कोणत्या तपासण्या फुकट, कोणत्या पदरच्या? येण्याजाण्याचा खर्च? औषधामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोणाकडे? ट्रायल संपल्यावर औषध मिळेल का? मधूनच कारण न देता बाहेर पडता येतं, पण बाहेर पडताना काय काळजी घ्यायची तेही विचारून ठेवा.

जीन उपचाराच्या ट्रायलमध्ये आणखी एक मेख असते. देखरेख १५ वर्षांपर्यंत चालू शकते. हिमोफिलियात (रक्त नीट न गोठण्याच्या आजारात) एएव्ही विषाणूवर बेतलेला उपचार एकदा घेतला की शरीरात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, आणि पुढे त्याच प्रकारचा उपचार घेण्याची वाट बहुतेक बंद होते. सहीआधी याबद्दल आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशीही बोला, फक्त ट्रायलच्या डॉक्टरांशी नको.

स्क्रीनिंगमध्ये नाव गळालं तर कोणत्या निकषावर गळालं ते विचारून लिहून घ्या. फेरिटिन किंवा एखादा ताजा संसर्ग आडवा आला असेल तर काही ट्रायलमध्ये पुन्हा स्क्रीनिंग करता येतं. ते कधी, ती तारीख तिथल्या कोऑर्डिनेटरकडून घेऊनच निघा.