घराचे ऊर्जा प्रमाणन

घर किती कमी विजेत राहण्याजोगे थंड, उजेडाचे आणि हवेशीर राहते, हे ठरलेल्या निकषांवर तपासून त्रयस्थ संस्थेने दिलेला दाखला. तो नव्या बांधकामाला मिळतो, तसा डागडुजी करून सुधारलेल्या जुन्या घरालाही. भारतात घरासाठी असे चार-पाच पर्याय आहेत आणि ते सगळे एकच गोष्ट मोजत नाहीत. निवडीतला घोळ इथूनच सुरू होतो. फ्रिजच्या लेबलवर वर्षाला किती युनिट जळतील ते छापलेले असते. घराच्या दाखल्यावरचा तारा मात्र कधी नुसत्या विजेचा असतो, तर कधी त्यात पावसाचे पाणी आणि ओला कचराही मोजलेला असतो.

भिंतीचे मोजमाप समजून घ्यायचे तर इको निवास संहितेपासून सुरुवात करावी. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने (बीईई) तिचा पहिला भाग 14 डिसेंबर 2018 रोजी आणला. हा दाखला नव्हे, बांधकामाची संहिता आहे. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारती या पहिल्या भागाच्या कक्षेत येतात. थंड प्रदेश वगळता देशात सर्वत्र तिचा कळीचा आकडा आहे 15. छत सोडून बाकीच्या बाह्य आवरणातून, म्हणजे भिंती, काचा आणि दारे यांतून, उन्हाळी काळात दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. या आकड्याला आरईटीव्ही म्हणतात. घराचे असे आवरण 100 चौरस मीटर असेल, तर 15 वर बसणाऱ्या घरातही 750 वॅटच्या दोन इस्त्र्या सतत चालू असल्याइतकी उष्णता येते. पश्चिमेकडे छज्जा नसलेली मोठी काच लावली की तिसरी, चौथी इस्त्री जोडलीच म्हणून समजा.

छताचा हिशोब वेगळा. संहितेनुसार छताचे उष्णता-पारगमन (यू-मूल्य), म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून पार होणारी उष्णता, 1.2 वॅटच्या आत हवे. नुसत्या 150 मिमी काँक्रीट स्लॅबचे ते तीनच्या वर जाते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला मे महिन्यात रात्री अकरालाही पंख्याखाली गरम वारा का लागतो, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. भिंतींचेही तसेच. 230 मिमी विटेच्या भिंतीतून 200 मिमी एएसी ब्लॉकच्या (हवेची छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या) भिंतीपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता आत येते, आणि मायव्हान पद्धतीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात, ओतलेली काँक्रीटची भिंत विटेपेक्षाही वाईट ठरते. मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरांत हीच पद्धत बोकाळली आहे. घर घेणारे सहसा टाइल्स पाहतात, भिंत कशाची आहे ते विचारत नाहीत.

बीईईचे घरांसाठीचे तारांकित लेबल वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट लागतील यावर एक ते पाच तारे देते. नव्या आणि जुन्या, दोन्ही घरांना ते मिळू शकते. ज्याला फक्त विजेचेच पाहायचे आहे, त्याला हे सर्वांत सरळ. ‘गृहा’ ही टेरी ही ऊर्जा संशोधन संस्था आणि केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांची हरित इमारतींना तारे देणारी पद्धती 2007 पासून राष्ट्रीय मानली जाते; 2,500 चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामासाठी तिचे ‘स्वगृहा’ हे सुटसुटीत रूप आहे, बंगला बांधणाऱ्याने तेच पाहावे. सीआयआय या उद्योगसंघटनेच्या छत्राखालील भारतीय हरित इमारत परिषद (आयजीबीसी) प्रमाणित, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा पायऱ्या देते. या दोन्हींत ऊर्जा हा अनेक प्रकरणांपैकी एक भाग असतो. त्यामुळे ‘सुवर्ण’ ऐकून भुलू नये, ऊर्जेच्या रकान्यात किती गुण पडले ते मागावे. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे ‘एज’ मात्र एकाच अटीवर चालते: वीज, पाणी आणि बांधकाम साहित्यात गुंतलेली ऊर्जा, तिन्हींत स्थानिक सरासरी बांधकामापेक्षा किमान 20 टक्के बचत. त्याचे सॉफ्टवेअर फुकट आहे. दाखला घ्यायचा नसला, तरी वास्तुविशारदासोबत बसून भिंत किंवा काच बदलल्यावर आकडा किती हलतो ते पाहता येते.

बिल्डरच्या माहितीपत्रकावर बहुतेकदा पूर्वप्रमाणन छापलेले असते. ते नकाशावर मिळते. अंतिम दाखला इमारत उभी राहिल्यावर. मधल्या काळात काच बदलते, छज्जे उडतात. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियमावलीत (बृहन्मुंबई वगळून) हरित इमारतींना दर्जानुसार 3, 5 किंवा 7 टक्के जादा एफएसआय (भूखंडावर बांधता येणारे क्षेत्र) मिळतो. हा लाभ बिल्डरचा. राहणाऱ्याच्या हाती काय पडते ते महानगरपालिकेवर अवलंबून. पिंपरी-चिंचवडमध्ये गृहाच्या ताऱ्यांनुसार मालमत्ता करात सूट आहे.

जुन्या घराच्या मालकाने दाखल्याआधी गच्चीकडे पाहावे. स्लॅबवर 50 मिमी फोमचा थर आणि वर पांढरा चायना मोझॅक केला, की छत संहितेच्या मर्यादेत आरामात बसते. भिंती हलवता येत नाहीत. छज्जे आणि बाहेरचे पडदे मात्र लावता येतात.

परदेशातले दाखले इथे आणताना हवामान विसरून चालत नाही. जर्मनीत डार्मश्टाट येथे 1991 मध्ये उभे राहिलेले पॅसिव्ह हाऊस, म्हणजे अत्यल्प ऊर्जेत उबदार राहणारे घर, थंडीसाठी जन्मले. त्याच्या मानकानुसार 50 पास्कल दाबाखाली तासाला घरातल्या एकूण हवेच्या 0.6 पटीपेक्षा जास्त हवा फटींतून सुटता कामा नये, आणि ते पंखा लावून मोजले जाते. इको निवास संहिता मुंबईसारख्या दमट-उष्ण भागात नेमके उलटे मागते: उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे 120 चौरस फुटांच्या खोलीला 20 चौरस फूट उघडी जागा. सरकत्या काचेच्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो, तेव्हा तेवढाच धरायचा.