लाकडातल्या खोबणीने ठरवलेला आवाज

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची थरथर विजेत बदलणारा भाग म्हणजे पिकअप, आणि हंबकर हा त्याचा दोन कॉइलचा, गुणगुण (‘हम’) मारणारा प्रकार. मिनी हंबकर घ्यावा की पूर्ण आकाराचा, असं कुणी विचारलं की उत्तर बहुधा आवाजाबद्दलच मिळतं. मिनी उजळ आणि नेटका, मोठा भरदार आणि गोलसर. उत्तर बरोबरच आहे. पण मिनीचा आकार कुणी कानाने ऐकून ठरवला, असा त्यातून समज होतो आणि तो चुकीचा आहे. मिनी जन्मला तो एका कंपनीने दुसरी विकत घेतली म्हणून, आणि घराघरात पोचला तो गिटारच्या लाकडात पिकअपसाठी आधीच कोरलेल्या खोबणीत तो बसत होता म्हणून. मला ही हकीकत महत्त्वाची वाटते, कारण ती कळली की दोघांच्या आवाजातला फरकही आपोआप उलगडतो.

सुरुवात गुणगुणीपासून करू. साध्या, एका कॉइलच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. गिटारची तार थरथरली की या कॉइलमध्ये वीज उमटते. पण हीच कॉइल आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं आणि ट्यूबलाइटच्या चोकचंही चुंबकीय क्षेत्र ओढून घेते. अमेरिकेत ही गुणगुण 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50 हर्ट्झची. रोषणाईने भरलेल्या मांडवात सिंगल कॉइलची गिटार ज्याने अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला जोडली आहे, त्याला तिची वेगळी ओळख करून द्यायला नको.

अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामझू इथे गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यात सेथ लव्हर नावाचे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार काम करत. एका अ‍ॅम्पमधली गुणगुण मारण्यासाठी त्यांनी जादा कॉइल वापरली होती. तीच युक्ती त्यांनी पिकअपमध्ये आणली. शेजारी शेजारी दोन कॉइल ठेवायच्या, दुसरीची जोडणी उलट करायची आणि तिच्या वाट्याला येणारा चुंबकाचा ध्रुवही उलटा ठेवायचा. बाहेरची गुणगुण दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे एकमेकीला खाऊन टाकते. तारेचा आवाज मात्र ध्रुवामुळे एकदा आणि जोडणीमुळे एकदा, असा दोनदा उलटतो, म्हणजे पुन्हा सुलट होतो, आणि दोन्ही कॉइलचा आवाज मिळून वाढतो. 22 जून 1955 ला पेटंटचा अर्ज गेला, मंजुरी 28 जुलै 1959 ला आली. 1957 पासून हा पिकअप गिब्सनच्या, गिटारवादक लेस पॉल यांच्या नावाच्या ‘लेस पॉल’ गिटारवर बसू लागला. मधल्या काळात त्याच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी असे. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीएएफ’ हे नाव पडलं, आणि आजही पूर्ण आकाराचा प्रत्येक हंबकर याच पीएएफशी ताडून पाहिला जातो. पुढे चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक छापू लागले, पण तो चक्क लेस पॉल यांच्या तारा अडकवायच्या टेलपीसचा होता!

याच सुमारास गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स यांच्यासाठी रे बट्स यांनी स्वतंत्रपणे ग्रेच या गिटार कंपनीचा फिल्टरट्रॉन पिकअप तयार केला. तोही दोन कॉइलचाच, पण कॉइल अरुंद आणि वेढे कमी. हंबकर म्हणजे पीएएफच्याच मापाची वस्तू असायला हवी असा नियम अगदी पहिल्या दिवसापासून नव्हता, एवढं यावरून दिसतं.

मिनीची खरी गोष्ट न्यूयॉर्कमधून सुरू होते. एपिफोन ही तिथल्या स्टाथोपूलो कुटुंबाची कंपनी, 1930 च्या दशकात गिब्सनची तोलामोलाची प्रतिस्पर्धी. 1943 मध्ये एपी स्टाथोपूलो वारले आणि कंपनी उताराला लागली. 1957 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने, शिकागो म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्सने, ती 20,000 डॉलरला विकत घेतली. यंत्रं, लाकूड, अर्धवट गिटारी, सुटे भाग असं सगळं कॅलामझूला आलं. त्यात एपिफोनचे जुने, सिंगल कॉइलचे, ‘न्यूयॉर्क’ म्हणून ओळखले जाणारे अरुंद पिकअपही होते. शेराटनसारख्या नव्या एपिफोन गिटारींवर सुरुवातीला तेच बसवले गेले.

साठा संपत आला तेव्हा प्रश्न उभा राहिला. गिटारी गिब्सनच्याच कारखान्यात बनणार, पण विकायच्या त्या वेगळ्या नावाने आणि वेगळ्या दुकानदारांकडून. दोन्हींवर एकच पिकअप दिसला तर एपिफोनचं वेगळेपण राहणार कशात? तेव्हा न्यूयॉर्क पिकअपच्या जागी बसेल असा छोटा हंबकर तयार झाला आणि 1960 नंतर शेराटन, रिव्हिएरा यांसारख्या मॉडेलवर तो दिसू लागला.

मापं बघा. पीएएफचं कव्हर साधारण 70 मिलिमीटर लांब आणि 38 रुंद. मिनीचं साधारण 67 लांब आणि 28 ते 29 रुंद. लांबीत फरक नावापुरता, कारण सहा तारा दोघांनाही कवेत घ्यायच्याच आहेत. कात्री लागली ती रुंदीला, आणि आवाजातला फरक तिथेच आहे. दोन कॉइल जवळ आल्या की तारेचा कमी लांबीचा तुकडा त्यांच्या नजरेत येतो. मोठ्या हंबकरमध्ये दोन कॉइल तारेला एकमेकींपासून जरा लांब अशा दोन जागी ऐकतात. वरच्या पट्टीतले काही उपस्वर एका जागी वर जात असतात तेव्हा दुसऱ्या जागी खाली येत असतात, म्हणून बेरजेत ते पुसले जातात. त्या गोलसर आवाजाचं एक मोठं कारण हे. मिनीत ही पुसापुशी कमी होते. शिवाय छोट्या कॉइलवर सहसा वेढेही कमी बसतात, त्यामुळे वरचे स्वर आणखी मोकळे राहतात. आतली रचनाही वेगळी आहे. पीएएफमध्ये एका कॉइलला फिरवता येणारे स्क्रू आणि दुसरीला पोलादाचे सहा गोल खिळे असतात. मिनीत स्क्रू तसेच, पण दुसऱ्या कॉइलमध्ये कव्हरखाली सलग पोलादी पट्टी.

1963 मध्ये मोटारींचे रचनाकार रे डीट्रिक यांनी आखलेली गिब्सनची फायरबर्ड गिटार आली. तिचे पिकअप बाहेरून मिनीसारखे, पण कॉइलच्या आत थेट चुंबकाच्या पट्ट्या आणि वर बंद कव्हर. आवाज आणखी धारदार. जुन्या गिटारींच्या जाहिरातींत दोघांना सर्रास एकच म्हटलं जातं, ते बरोबर नाही.

एवढ्यावर मिनी हे एपिफोनपुरतंच प्रकरण राहिलं असतं. पण 1960 च्या दशकात माइक ब्लूमफील्ड, एरिक क्लॅप्टन या गिटारवादकांच्या हातात जुन्या लेस पॉल दिसल्या आणि बंद केलेल्या त्या मॉडेलची मागणी उसळली. गिब्सनने 1968 मध्ये लेस पॉल पुन्हा काढली. तिच्या सोनेरी मॉडेलवर पी-90 हे सिंगल कॉइल होते आणि लाकडातल्या खोबणी त्याच मापाच्या. लोकांना हवे होते हंबकर. मोठा हंबकर पी-90 च्या खोबणीत बसत नाही, मिनी मात्र आरामात बसतो. त्यात एपिफोनचं उत्पादन अमेरिकेतून जपानला जायच्या वाटेवर होतं, म्हणजे मिनी पडून राहणारच होते. म्हणून पी-90 च्या कव्हरला वरून चौकोनी भोक पाडलं, त्यात मिनी बसवला, आणि 1969 मध्ये लेस पॉल डिलक्स तयार झाली. लाकडाला हात लावावा लागला नाही.

हे तडजोडीतून जन्मलेलं वाद्य पुढे मोठमोठ्या मंचांवर गेलं. ‘द हू’ या बँडचे पीट टाउनशेंड 1970 च्या दशकात क्रमांक रंगवलेल्या डिलक्स घेऊन वाजवत, मध्ये तिसरा, मोठा हंबकर बसवून. बऱ्याच वादकांनी मात्र मिनीला संधीच दिली नाही. पीएएफचा आवाज हवा म्हणून त्यांनी राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, चालवून खोबणी रुंद केल्या. त्या गिटारींचं मला मनापासून वाईट वाटतं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम, लावूनही कॉर्डमधला (एकत्र छेडलेल्या स्वरांमधला) प्रत्येक स्वर वेगळा ऐकू यावा, ही मिनीची खरी ताकद आहे. नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) म्हणून तर मला तो मोठ्यापेक्षा सरस वाटतो, कारण मोठा त्या जागी खर्जात पटकन गढूळ होतो. ब्रिजकडे (तारा खाली टेकतात त्या बाजूला) मात्र, जाड आणि जोरकस लीड, म्हणजे एकेरी स्वरांची धून, वाजवायची असेल तर, मोठाच हवा हे मान्य करायला हरकत नाही.

खुद्द लव्हर 1967 मध्ये फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीकडे गेले आणि तिथे त्यांनी पीएएफपेक्षाही मोठा वाइड रेंज हंबकर केला, जो 1972 च्या टेलिकास्टर थिनलाइन गिटारवर आला. म्हणजे आकार वाढवूनही उजळ आवाज मिळवता येतो, फक्त चुंबक आणि गुंडाळणी त्याप्रमाणे निवडावी लागते. पुढे दिमार्झिओ आणि सीमोर डंकन या पिकअप बनवणाऱ्या कंपन्यांनी फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या सिंगल कॉइलच्या जागेत मावणारे, पात्यांसारख्या पट्ट्यांचे हंबकर बाजारात आणले. तिथेही माप ठरवलं ते गिटारमध्ये आधीपासून असलेल्या जागेनेच.

राउटर न चाललेल्या जुन्या डिलक्स आता जपून ठेवल्या जातात. आणि ज्यांच्या गिटारला मोठ्या हंबकरची खोबण आहे, पण आवाज मिनीचा हवा आहे, त्यांच्यासाठी मोठ्या खोबणीत मिनी बसवायच्या रिंगा, म्हणजे पिकअप धरून ठेवणाऱ्या चौकटी, वेगळ्या विकत मिळतात. चार स्क्रू काढायचे, रिंग बदलायची, चार स्क्रू लावायचे.